बर्गलिओतचा एकटा आवाज : सागा, कविता, संगीत आणि एक एकपात्री प्रयोग

१/
साल १८८५. नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो. मंचावर वाद्यवृंद सज्ज आहे आणि त्याच्यापुढे एकच अभिनेत्री उभी आहे. ती गाणार नाही, आणि तिच्यासोबत दुसरे कोणतेही पात्र नाही. वाद्यांच्या साथीने ती एक कविता बोलणार आहे. ही कविता आहे अकराव्या शतकातल्या एका विधवेची, जिच्या हाकेला त्या दिवशी कोणीही ओ दिली नव्हती. #थ्रेड

२/
या विधवेचे नाव बर्गलिओत. मूळ इतिहासग्रंथात तिच्या वाट्याला जेमतेम काही वाक्ये येतात. मग आठशेहून अधिक वर्षांनंतर अख्खा मंच तिचा कसा झाला? मधल्या काळात एका इतिहासकाराने, एका कवीने, एका संगीतकाराने आणि एका अभिनेत्रीने काय राखले आणि काय गाळले, याचा हा मागोवा आहे. सुरुवात मूळ घटनेपासून करू.

३/
इ. स. १०५० च्या सुमारास नॉर्वेच्या गादीवर हाराल्ड हार्डराडे होता. तरुणपणी बायझंटाईन सम्राटाच्या फौजेत लढून, अमाप संपत्ती घेऊन तो मायदेशी परतला होता. हाच हाराल्ड पुढे २५ सप्टेंबर १०६६ रोजी इंग्लंडमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत मारला गेला. त्याचे ‘हार्डराडे’ हे बिरुदच त्याच्या कठोर राजवटीची साक्ष देते.

४/
त्याला खुलेआम आव्हान देणारा सरदार होता आइनार ताम्बारशेल्वे. त्याचे बळ उत्तरेकडील त्रोन्देलाग प्रांतात होते. इ. स. १००० मधल्या स्वोल्डरच्या नौकायुद्धात राजा ओलाफ त्र्युग्वासनच्या जहाजावर अठरा वर्षांचा हा धनुर्धर लढला होता आणि ऐन लढाईत त्याचे धनुष्य मोडले होते, ही कथा नॉर्वेत आजही शाळकरी मुलांना ठाऊक असते. १०५० मध्ये तो सत्तरीला टेकलेला होता, पण शेतकरी त्याचा शब्द झेलत असत.

५/
आइनारची पत्नी म्हणजे बर्गलिओत. तीही सामान्य घरातली नव्हे. एकेकाळी नॉर्वेवर प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या लादेच्या होकोन यार्लची ती कन्या. ‘यार्ल’ म्हणजे राजाच्या खालोखालचा अधिपती. बर्गलिओत आणि आइनार यांना आइंड्रिडे नावाचा मुलगा होता. पुढच्या प्रसंगात ही तिन्ही माणसे लक्षात ठेवावीत.

६/
निदारोस, म्हणजे आजचे त्रोन्हाइम, या नगरात आइनार आठ-नऊ लांब जहाजे आणि जवळजवळ पाचशे माणसे घेऊन उतरला, असे सागा सांगते. पुढे लोकन्यायसभेत एका चोरावर खटला चालला. हा चोर पूर्वी आइनारच्या पदरी होता. आइनारने न्यायसभेतून त्याला बळाने सोडवून नेले. राजाच्या अधिकारावरचा हा उघड घाव होता.

७/
दोन्हीकडच्या हितचिंतकांनी समेटाची बैठक ठरवली. जागा : नदीकाठच्या राजवाड्यातली एक खोली. राजाने खोलीच्या छतावरचे धुराडे झाकून अगदी लहानशी फट ठेवली, त्यामुळे आत अंधार पसरला. आइनार आत शिरला, आइंड्रिडे बाहेर थांबला. अंधारात राजाच्या माणसांनी म्हाताऱ्या सरदारावर शस्त्रे चालवली. आवाज ऐकून मुलगा आत धावला आणि बापाशेजारी तोही मारला गेला.

८/
आता सगळ्यात महत्त्वाचा क्षण. बाहेर शेतकऱ्यांचा मोठा जमाव सशस्त्र उभा होता. राजाने आपले निशाण उभारले आणि माणसांची फळी रचली. शेतकरी एकमेकांना डिवचत राहिले, आपल्या सरदाराचा सूड न घेणे ही नामुष्की आहे असे म्हणत राहिले. पण पहिले पाऊल कोणीच टाकले नाही. सागाने कारणही दिले आहे : पुढे होऊन त्यांना नेईल असा माणूस उरला नव्हता.

९/
बर्गलिओत नगरातल्या आपल्या मुक्कामी होती. बातमी कळताच ती थेट जमावाकडे गेली आणि तिने लढण्यासाठी लोकांना चेतवले. नेमक्या त्याच वेळी राजा होडीतून नदीमार्गे निघून चालला होता. आज आपला नातलग होकोन इवार्सन इथे काठावर असता, तर मुलाचे मारेकरी असे निवांत वल्ही मारत गेले नसते, अशा आशयाचे तिचे उद्गार सागाने नोंदवले आहेत.

१०/
यानंतर कथा पुन्हा पुरुषांच्या राजकारणाकडे वळते. राजा फिन आर्नेसन या सरदाराला मध्यस्थ म्हणून पाठवतो. ज्याच्यावर बर्गलिओतची सारी भिस्त होती त्या होकोन इवार्सनला राजघराण्यातल्या मुलीशी विवाहाचे वचन मिळते आणि सुडाची भाषा सोयरिकीत विरते. विधवेचे काय झाले, हा प्रश्न या वाटाघाटींत कोणी विचारत नाही.

११/
हे सारे आपल्याला मुख्यतः ‘हाइम्सक्रिंगला’ या ग्रंथातून कळते. कर्ता : आइसलँडचा स्नोरी स्तुर्लुसन (११७९–१२४१). ग्रंथाचा काळ १२३० च्या आसपासचा. ‘सागा’ म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतली गद्य इतिहासकथा. म्हणजे घटना आणि लेखन यांच्यात सुमारे १८० वर्षांचे अंतर आहे. खून आणि राजकारण ऐतिहासिक असले, तरी व्यक्तींच्या तोंडचे शब्द हे कथनकाराचे मानावेत.

१२/
स्नोरीची शैलीही ध्यानात घ्यावी. सागा पात्रांच्या मनात शिरत नाही. कोण कुठे गेले, काय बोलले, एवढेच ती सांगते. बर्गलिओत रडली का, जमाव हलला नाही तेव्हा तिला काय वाटले, यांतले काहीही स्नोरी सांगत नाही. हीच रिकामी जागा सहा शतकांहून अधिक काळानंतर एका कवीच्या नजरेत भरली.

१३/
तो कवी ब्योर्नस्तेर्ने ब्योर्नसन (१८३२–१९१०). नॉर्वेच्या राष्ट्रगीताचे शब्द त्याचे. १९०३ चे साहित्याचे नोबेल त्याला मिळाले. तो नाटककार, कादंबरीकार, रंगभूमीचा व्यवस्थापक आणि धडाडीचा राजकीय वक्ताही होता. ‘बर्गलिओत’ ही कविता १८७० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘कविता आणि गीते’ या संग्रहात आहे.

१४/
त्या काळच्या नॉर्वेची मनःस्थिती समजल्याशिवाय ही कविता समजणार नाही. चार शतकांहून अधिक काळ हा देश डेन्मार्कशी जखडलेला होता. १८१४ मध्ये त्याला स्वतःची राज्यघटना मिळाली, पण त्याच वर्षी स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली यावे लागले. हे बंधन १९०५ पर्यंत टिकले. राजकीय स्वातंत्र्य अपुरे असलेल्या या समाजाने आपली ओळख जुन्या सागांमध्ये शोधली.

१५/
रंगभूमीवरही परका सूर होता. राजधानीच्या नाट्यगृहात डॅनिश नट आणि डॅनिश उच्चार यांचे वर्चस्व होते. १८५६ मध्ये आणखी एका डॅनिश नटाची नेमणूक होताच प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून प्रयोग दणाणून सोडला. या निषेधाच्या अग्रभागी तेवीस वर्षांचा ब्योर्नसन होता. मंचावरून कोणाची भाषा आणि कोणाचा आवाज ऐकू यावा, हा त्याच्यासाठी जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

१६/
आता कवितेची रचना पाहू. ब्योर्नसनने निवेदक काढून टाकला. राजा, मध्यस्थ, होडी, सारे मंचाबाहेर ढकलले. उरली ती फक्त बर्गलिओत. मुक्कामाच्या घरी ती समेटाच्या बातमीची वाट पाहत आहे. बाहेरचा गलबला तिच्या कानांवर येतो. खून आपल्याला दिसत नाही. तिला जसजसे उमगत जाते, तसतसे आपल्याला उमगते. सागाने घटना सांगितली होती, कवितेने तिला ती कळण्याची प्रक्रिया सांगितली.

१७/
ती शेतकऱ्यांना साद घालते. ते हलत नाहीत. इथपर्यंत कवी स्नोरीच्या बरोबर आहे. पुढचे मात्र सर्वस्वी त्याचे. सूड हातचा गेल्यावर ती पती आणि पुत्र यांची प्रेते घेऊन घराकडे निघते आणि गाडी सावकाश हाकायला सांगते, कारण रिकाम्या घरी पोचण्याची घाई कोणाला? संताप ओसरून मागे जे उरते तिथे कविता थांबते. सागात याचा मागमूस नाही. वाचकाने ही सीमारेषा नीट ओळखावी.

१८/
१८७१ मध्ये या कवितेला संगीतकार भेटला : एडवर्ड ग्रीग. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. ब्योर्नसन आणि ग्रीग यांची जोडी त्या दोन-तीन वर्षांत विलक्षण फळली. ‘सिगुर्ड योर्सालफार’ या नाटकाचे संगीत १८७२ चे, तर ‘ओलाफ त्र्युग्वासन’ या अपुऱ्या राहिलेल्या संगीतनाट्याचे काम १८७३ चे. दोन्हींचे विषय सागांतलेच.

१९/
ग्रीगपुढे सोपा मार्ग होता : कवितेला चाल लावणे. तो उत्तम गीतकार-संगीतकार होता. पण इथे त्याने गाणे टाळले आणि ‘मेलोड्रामा’ हा प्रकार निवडला. मराठीत आपण हा शब्द भडक भावनाट्यासाठी वापरतो. संगीताच्या इतिहासात त्याचा अर्थ वेगळा आहे : वाद्यसंगीत आणि बोललेले शब्द यांची सांगड. ग्रीक भाषेत ‘मेलोस’ म्हणजे गान आणि ‘ड्रामा’ म्हणजे नाट्य.

२०/
या प्रकाराला परंपरा होती. रूसोचे ‘पिग्मॅलियन’ १७७० मध्ये लियोंला रंगले. गेओर्ग बेंडाचे ‘आरिआड्ने’ १७७५ मध्ये गोथाला झाले आणि जर्मन प्रदेशांत या प्रकाराची लाटच आली. तिथेही केंद्रस्थानी त्यागलेली, एकाकी स्त्री होती. बेंडाच्या अशा रचनांनी तरुण मोझार्टही १७७८ मध्ये भारावला होता. ग्रीगच्या हाती आलेले साधन असे शंभर वर्षे वापरून पारखलेले होते.

२१/
गाणे का नको? गाण्यात स्वर लांबतो, शब्दाची धार बोथट होते आणि शोकालाही एक प्रकारची शोभा येते. बर्गलिओतच्या तोंडी आज्ञा आहेत, हाका आहेत, धाप आहे. ज्या देशात मंचावरच्या बोलीसाठी शिट्ट्या वाजल्या होत्या, तिथे बोललेल्या शब्दाचे मोल वेगळे होते. ती गायली असती तर श्रोत्यांनी आधी गळा ऐकला असता आणि मग अर्थ.

२२/
पण बोलण्याला सूर बांधलेला नसतो आणि लयही दर प्रयोगात बदलते. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. साठ-सत्तर वाद्यांपुढे बोलणारी व्यक्ती सहज बुडून जाईल. म्हणून ग्रीगने बहुतांशी आळीपाळी ठेवली : काही ओळी, मग वाद्यवृंदाचा छोटा उद्गार, पुन्हा ओळी. संचालकाला अभिनेत्रीच्या श्वासाकडे पाहूनच पुढचा इशारा द्यावा लागतो. शेवटी प्रेतयात्रेच्या संथ ठेक्यात सारी रचना विसावते.

२३/
इथे एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. मंचावर जमाव नाही, तरी वाद्यवृंद आहे. ती हाक मारते तेव्हा उत्तर येते ते वाद्यांकडून, माणसांकडून नाही. माणसांच्या जागी येणारे स्वर तिची भीती, तिचा संताप वाढवतात, पण तिला मदत करू शकत नाहीत. समोर बसलेला प्रेक्षकही तसाच : सारे ऐकतो आणि जागचा हलत नाही. १०५० चा तो स्तब्ध जमाव या प्रयोगात असा परत येतो.

२४/
१८७१ ची रचना मात्र लगेच मंचावर आली नाही. १८७४ मध्ये इब्सेनने ‘पेर ग्यून्ट’साठी संगीत मागितले, ग्रीगने होकार दिला आणि ब्योर्नसनशी असलेले सख्य आटले. ‘बर्गलिओत’ बाजूला पडली. अखेर १८८५ मध्ये ग्रीगने ती पूर्ण वाद्यवृंदासाठी सिद्ध केली. आज ती त्याच्या रचनांच्या यादीत ४२ व्या क्रमांकावर आहे.

२५/
आणि ती अभिनेत्री? लॉरा गुंडरसन (१८३२–१८९८). बर्गन शहराची लेक. नॉर्वेत जन्मलेली पहिली मोठी शोकनाट्य-अभिनेत्री म्हणून तिची ख्याती आहे. १८८५ मध्ये ती त्रेपन्न वर्षांची होती. वयात आलेला मुलगा गमावलेल्या आईचे शब्द तिच्या तोंडी शोभले असणार. राजकन्येच्या आणि नायिकेच्या भूमिका वयाबरोबर मागे पडतात. एकपात्री कवितेने प्रौढ अभिनेत्रीला पुन्हा मध्यभागी आणले.

२६/
ज्यांचे संबंध तुटले होते त्या कवी आणि संगीतकाराची कलाकृती अशी एका तिसऱ्या व्यक्तीने जोडून दाखवली. दोघांचा समेट पुढे १८८९ मध्ये झाला. बर्गलिओतच्या कथेतला समेट खोटा होता, हा खरा ठरला.

२७/
या प्रयोगातून काय हरवले, तेही सांगायला हवे. न्यायसभेतून चोर पळवणारा आइनार कवितेत जवळजवळ निर्दोष वीर होतो. राजाची बाजू, म्हणजे बेबंद सरदारांना आवर घालून एकछत्री राज्य उभारण्याचा खटाटोप, ऐकूच येत नाही. एका माणसाचा आवाज जितका तीव्र, तितका दुसऱ्या बाजूचा आवाज क्षीण. एकपात्रीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी असतात.

२८/
दहा वर्षांनी ग्रीगने दुसरा मार्गही चोखाळला. आर्ने गारबोर्गचे ‘हाउगतुस्सा’ हे काव्य १८९५ चे. अदृश्य गोष्टी दिसणाऱ्या एका गुराखी मुलीची ही कथा. ग्रीगने त्यातून आठ गीते एका गायिकेसाठी १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या मालिकेत प्रेमभंगानंतर मुलगी ओढ्याकाठी विसावते आणि तिथेच शेवट होतो. मूळ काव्यात ती पुढे अंधारशक्तींशी झुंजते. कुठे थांबायचे, या एका निर्णयाने नायिका बदलली.

२९/
युरोपात हा प्रकार पुढेही जगला. रिचर्ड स्ट्राउसने १८९७ मध्ये टेनिसनच्या ‘ईनक आर्डन’ला पियानोची साथ दिली. शोनबर्गने १९१२ मध्ये ‘पिएरो ल्यूनेर’मध्ये बोलणे आणि गाणे यांच्या मधली वाट काढली. तरी ‘बर्गलिओत’ क्वचितच ऐकायला मिळते. ती नाट्यगृहाला महाग पडते, मैफलीला नाटकी वाटते, आणि भाषा न समजणाऱ्या श्रोत्यापर्यंत तिचा निम्मा भागच पोचतो.

३०/
मराठी वाचकांसाठी एक खराखुरा दुवा. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. आधुनिक मराठी रंगभूमीचा हा मैलाचा दगड ब्योर्नसनच्याच एका नाटकाच्या आधारे उभा होता. संगीत केशवराव भोळ्यांचे, गाणी मोजकी आणि प्रसंगाला धरून, आणि मंचावर ज्योत्स्ना भोळे. स्त्रीचा प्रश्न स्त्रीच्याच आवाजात मांडणारा ब्योर्नसन आपल्याकडे असा पोचला.

३१/
आता पुन्हा निदारोसच्या नदीकाठी जाऊ. राजाची होडी दूर जाते आहे, जमाव स्तब्ध आहे, एक बाई बोलते आहे. स्नोरीने तिचे काही शब्द जपले, म्हणून ब्योर्नसनला धागा मिळाला. ब्योर्नसनने तिच्याकडे पाहिले, म्हणून ग्रीगला सूर सापडला. आणि लॉरा गुंडरसन उभी राहिली, म्हणून तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले गेले. तिला न्याय मात्र यांतल्या कोणालाही देता आला नाही.

३२/
पुढच्या वेळी एखाद्या बखरीत किंवा सागात दोन ओळींपुरते आलेले पात्र दिसले, तर क्षणभर तिथे थांबावे. त्याने काय सांगितले असते, हा कवीचा प्रश्न झाला. ग्रंथकाराने त्याला दोनच ओळी का दिल्या, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा. दोन्ही विचारावेत, फक्त एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. धागा इथे संपवतो. असे कोणते पात्र आपल्या वाचनात आले असेल, तर प्रतिसादात अवश्य सांगावे. #इतिहास #रंगभूमी #नॉर्वे